आतली खोली पाहुण्यांना द्या

नागपुरात घर असलं की पाहुणे दोन कारणांनी येतात: लग्नकार्याला, नाहीतर डॉक्टरला दाखवायला. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, पलीकडून छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, एवढ्या मोठ्या मुलखाचा दवाखाना म्हणजे हे शहर. मेडिकल, मेयो, मिहानातलं एम्स, धंतोली-रामदासपेठेतले खासगी दवाखाने, जामठ्याचं कॅन्सर हॉस्पिटल. लॉज परवडत नाही आणि परवडला तरी नातलग गावात असताना तिथे उतरणं बरं दिसत नाही, म्हणून माणसं आपल्याकडे येतात. एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट नाही, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. त्यामुळे पूर्वी कुणी सोबत असल्याशिवाय न निघणाऱ्या आत्या, मावश्या, काकू आता एकट्याही येतात.

यांतल्या काहींना लघवी धरवत नाही. कुणाला खोकला-शिंक आली की कपड्यात होते. कुणाला घाई लागली की संडासाच्या दारापर्यंतही पोचवत नाही. कुणाची प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीची पिशवी पूर्ण रिकामीच होत नाही आणि थेंबथेंब गळत राहते. कुणाची पिशवी ठणठणीत असते, पण गुडघे उठू देत नाहीत. काहींना शौचाचाही भरवसा नसतो. हे सगळं म्हातारपणाचंच असतं असंही नाही. बाळंतपणानंतर वर्षभरातली सून, मधुमेह असलेला पन्नाशीचा भाऊ, अपघातात मणक्याला मार बसलेला भाचा, रात्री गादी ओली करणारा आठ वर्षांचा नातू, यांतलं कुणीही असू शकतं.

यातली बरीच माणसं येतच नाहीत. "तब्येत बरी नाही, पुढच्या वेळी येईन," एवढंच फोनवर सांगतात. जी येतात ती आल्यापासून एकच हिशोब करत असतात: संडास कुठे आहे, रात्री तिथे जाताना कुणाच्या अंगावरून जावं लागेल, ओलं झालेलं कुठे वाळत घालू, हिला कसं सांगू. म्हणून यजमानाचं खरं काम पाहुणा यायच्या आधीच होतं. ज्या ज्या गोष्टी त्याला मागाव्या लागतील, त्या आधीच त्याच्या हाताशी ठेवायच्या. नंतर कितीही प्रेमानं "काही लागलं तर सांगा हं" म्हटलं तरी कुणी सांगत नाही.

आधी कळणार कसं? सोबत येणाऱ्या मुलीला किंवा सुनेला फोन करून विचारा, आणि तेही मोघम न विचारता थेट: "रात्री किती वेळा उठावं लागतं? खाली बसता येतं का? पॅड वापरतात का, कोणत्या मापाचं?" स्पीकरवर नको. पाहुणे एकटेच येणार असतील तर त्यांना अडचणीबद्दल विचारू नका, व्यवस्थेबद्दल सांगा: "आत्या, तुमच्यासाठी आतली खोली ठेवली आहे, संडास लागूनच आहे. रात्री दिवा चालूच असतो." ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि ज्याला गरज नाही त्याचंही काही बिघडत नाही.

आता ही आतली खोली. आपल्याकडे पाहुण्यांना समोरच्या खोलीत, दिवाणावर किंवा खाली गादी टाकून झोपवायची पद्धत. दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये संडास लागून असलेली खोली घरच्या जोडप्याची असते. ती सोडा. आठ दिवस तुम्ही हॉलमध्ये झोपलात तर काही होत नाही. पाहुणा हॉलमध्ये झोपला तर त्याला रात्री तीन वेळा दोन दारं उघडावी लागतात, कुणाच्या तरी उशाशी ठेच लागते, आणि सकाळी गादी ओली निघाली तर ती सगळ्या घरादेखत निघते. जुन्या वाड्यात संडास मागच्या अंगणात असेल तर खोलीतच कमोडची खुर्ची ठेवा. ती विकत घ्यायची गरज नाही. नागपुरात अनेक सेवाभावी मंडळं रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन वापरायला देतात: कमोड खुर्ची, वॉकर, बेडपॅन. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आणून ठेवा, ते आल्यावर शोधाशोध नको. पुरुषासाठी झाकणाचं युरिन पॉट औषधाच्या दुकानात मिळतं. ते खाटेखाली ठेवलं की निम्मी रात्र सोपी होते.

झोपायला खाली गादी नको. गुडघ्याइतक्या उंचीची खाट हवी, कारण उठायला लागणारा वेळ आणि पिशवीनं दिलेला वेळ यांचीच शर्यत असते. वाटेत झिरो बल्ब, संडासातही दिवा चालू. घसरणारं पायपुसणं उचलून ठेवा. दाराची कडी अशी असावी की वेळ आली तर बाहेरून उघडता येईल. बसायच्या संडासाजवळ भिंतीला धरायला दांडी नसेल तर एक जड प्लॅस्टिकची खुर्ची तरी असू द्या.

गादीचं मात्र नीट ऐका. विदर्भात अजून कापसाच्या गाद्या आहेत. त्या एकदा आतपर्यंत भिजल्या की धुता येत नाहीत. उसवून, कापूस वाळवून, पिंजून पुन्हा भराव्या लागतात. फोमचीही तीच गत, उलट वास जास्त धरते. म्हणून गादीवर आधी वॉटरप्रूफ कव्हर घाला, नसेल तर दवाखान्यात असते तशी रबरी चादर. त्यावर सुती चादर. त्यावर पुन्हा एक रबरी चादर किंवा औषधाच्या दुकानात मिळणारं अंडरपॅड, आणि वर पुन्हा सुती चादर. रात्री दोनला काही झालं तर वरचा जोड काढून टाकायचा, खाली कोरडं अंथरूण तयारच असतं. पाहुण्यालाही हे अंधारात, कुणाला न उठवता करता येतं. ओला जोड टाकायला खाटेजवळ झाकणाची बादली ठेवा. नुसतं प्लॅस्टिक कधी अंगाखाली येऊ देऊ नका. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यावर घाम साचतो आणि पाठीला, मांड्यांना पुरळ येतं. डिसेंबर-जानेवारीत उलट त्रास: ओल्या कपड्यात माणूस थंडीनं कुडकुडतो. तेव्हा कोरडे कपडे कपाटात नकोत, उशाशी हवेत.

कपड्यांवरून आठवलं, पायजम्याची नाडी. घाईच्या वेळी नाडीला जी गाठ बसते ती सुटता सुटत नाही, आणि बोटं थरथरत असतील तर विचारूच नका. इलॅस्टिकचा पायजमा, बाईमाणसाला घरात सैल गाऊन, एवढ्यानं कित्येकदा पॅडची गरजही कमी होते. आपल्या घरात सासऱ्यांसमोर गाऊन चालत नसेल, तर पाहुणीसाठी तो नियम बाजूला ठेवा आणि तसं तिला आल्या आल्याच सांगून टाका.

संडासात झाकणाचा, पिशवी लावलेला डबा हवाच. घरात मुली असतील तर तो बहुधा असतो. पण पुरुष पाहुण्यालाही तो लागतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर कित्येक पुरुषांना काही महिने पॅड वापरावं लागतं. ब्रिटनमध्ये प्रोस्टेट कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेनं पुरुषांच्या स्वच्छतागृहांत असे डबे ठेवावेत म्हणून मोहीम चालवली. आपल्याकडे तर घरच्या संडासातही डबा नाही, मग काकाजी वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत ठेवतात आणि गावी परत नेतात. डब्याशेजारी जुनी वर्तमानपत्रं आणि काळ्या पिशव्या ठेवा. पॅड किंवा डायपर कमोडमध्ये कधीच टाकायचं नाही, चोकअप काढायला माणूस बोलवावा लागेल आणि मग सगळ्या बिल्डिंगला कळेल. शौच असेल तर ते आधी संडासात झटकायचं, मग डायपर गुंडाळायचं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड-डायपर वेगळं गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या बाजूला द्यायला सांगितलं. पुण्यात अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायची पद्धत कचरावेचक बायकांच्या संघटनेनं रुजवली, म्हणजे कचरा निवडणारीचा हात त्यात जात नाही. नागपुरातही तो ठिपका काढायला कुणाची ना नाही.

मोठ्यांचे डायपर कमरेच्या मापानं मिळतात. हिंडत्या-फिरत्या माणसाला चड्डीसारखे ओढून घालायचे बरे, झोपून असलेल्याला बाजूनं चिकटणारे. दोन-चार घरात आणून ठेवा आणि संडासातल्या फळीवर, दिसतील असे ठेवा. त्याविषयी बोलायची गरज नाही. ओलं झालं की बदलायचं, शौच झालं तर लगेच. त्वचा साध्या पाण्यानं धुवून, न घासता टिपून कोरडी करायची. मग खोबरेल किंवा झिंकचं मलम पातळ लावायचं. मलमावर पावडर थापू नका, त्याचे गोळे होतात आणि कातडी सोलते. मे महिन्यात दुपारी दार लावून, कूलर चालू करून, अंडरपॅडवर तासभर डायपरशिवाय पडू दिलं तर पुरळ आपोआप बसतं.

पाण्याचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त काळजीचा वाटतो. कपड्यात होऊ नये म्हणून अशी माणसं पाणीच पीत नाहीत. सकाळी एसटीत बसायचं म्हणून आदल्या रात्रीपासून घोटभरही नाही. पारा पंचेचाळीसच्या घरात असलेल्या शहरात हे सरळ धोक्याचं आहे. ऊन लागणं हा एक भाग. दुसरा असा की पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, पिशवीला टोचते, घाई उलट वाढते. जंतुसंसर्ग होतो, मलावरोध होतो, आणि भरलेलं आतडं पिशवीवर दाबत राहतं. म्हणजे ज्या भीतीनं पाणी सोडलं, तेच अंगाशी येतं. तेव्हा त्यांच्या हाताशी तांब्या-भांडं ठेवा, दिवसभर थोडं थोडं पाणी, ताक, पन्हं द्या. झोपायच्या दोन-तीन तास आधी हात आखडता घ्या. किडनीच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर अर्थात तेच प्रमाण. ब्लडप्रेशरसाठी लघवीची गोळी असेल तर ती किती वाजता घ्यायची हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारू द्या, आपण मनानं पुढे-मागे करायची नाही. पाय सुजत असतील तर दुपारी तासभर पाय उशीवर ठेवून पडायला सांगा, रात्रीच्या फेऱ्या थोड्या कमी होतात.

आग्रह मात्र आवरा. नागपुरी घरात चहाला नाही म्हणणं म्हणजे रुसवा समजतात, पण चहा-कॉफीनं कित्येकांची घाई वाढते. सावजीचा तिखट रस्सा, तर्री-पोहे, आणि काहींच्या बाबतीत चक्क आपली संत्रीही. सगळ्यांनाच होतं असं नाही. पाहुण्यानं नको म्हटलं की नको, दुसऱ्यांदा विचारू नका, आणि "एवढी संत्री आणली तुमच्यासाठी" तर मुळीच म्हणू नका.

जामठ्याला किंवा तुकडोजी पुतळ्याजवळच्या कॅन्सर हॉस्पिटलला शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला आलेला पाहुणा पाच-सहा आठवडेही राहतो. ओटीपोटाचा शेक असेल तर पुष्कळदा सांगतात की पिशवी भरलेली ठेवून या, म्हणजे आतडं वर सरकतं आणि शेकातून वाचतं. ज्याला लघवी धरवत नाही त्याला घरून पाणी पिऊन वर्धा रोडच्या गर्दीतून जामठ्यापर्यंत जाणं म्हणजे शिक्षाच. अशा वेळी पाणी घरी प्यायचं नाही, हॉस्पिटलात पोचून नंबर किती लांब आहे ते पाहून प्यायचं. आणि अडचण तिथल्या टेक्निशियनला पहिल्याच दिवशी सांगायची, ते वेळ बसवून देतात. पाहुण्याला लाज वाटत असेल तर सोबत जाणाऱ्यानं बोलावं.

लघवीची नळी लावलेली असेल तर तीन गोष्टी सांभाळा. नळीला जोडलेली पिशवी नेहमी कमरेच्या खाली असावी. आदरापोटी तिला पलंगावर शेजारी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. मूत्र उलटं आत जातं. ती जमिनीला टेकू नये म्हणून खाटेच्या कडेला अडकवा किंवा स्वच्छ बादलीत ठेवा. अर्धी-पाऊण भरली की रिकामी करा, आणि हात साबणानं आधीही धुवा, नंतरही. मणक्याला मार बसलेली तरुण मंडळी बरेचदा स्वतःच नळी घालून लघवी काढतात. त्यांना साबण, स्वच्छ पाणी, सामान मांडायला एक कोरडी फळी आणि निवांतपणा लागतो. त्यांचं सकाळचं शौचही तासभर चालू शकतं. घरात एकच संडास असेल तर शाळा-ऑफिसची घाई आधी उरकून घ्या, नाहीतर त्यांची वेळ पहाटे बसवा. बाहेरून दार वाजवणं नको.

स्मृतिभ्रंश झालेला माणूस नव्या घरात संडास शोधू शकत नाही आणि विचारूही शकत नाही. मग कोपऱ्यात, बादलीत, कधी तुळशीच्या कुंडीत होतं. त्याच्यावर ओरडून काही उपयोग नाही. संडासाचं दार उघडं, आत दिवा, दारावर मोठ्या अक्षरात पाटी. दर दोन तासांनी, जेवणानंतर आणि झोपायच्या आधी हात धरून न्या. कपडे ओढणं, उगाच उठबस करणं ही खूण समजा.

धुण्याचं काय? माझं स्पष्ट मत: कामवाल्या बाईला गृहीत धरू नका. तिला आधी विचारा, त्या दिवसांचे पैसे वेगळे द्या, आणि ती नाही म्हणाली तर ते ऐका. मशीन असेल तर सोपं आहे. आधी गार पाण्यात खळबळून घ्यायचं, मग साबण. पहिल्यांदाच गरम पाणी घातलं तर वास बसतो. नागपूरचं ऊन या एका बाबतीत मित्र आहे, चादर दोन तासांत कडक वाळते. पावसाळ्यासाठी दोन जोड जास्त ठेवा. पण पुष्कळ पाहुण्यांना आपलं आपण धुवायचं असतं. धुऊ द्या. मोरीत बादली, साबण आणि आडोशाची एक दोरी दिली की झालं. "राहू द्या हो, मी धुते" ही माया नेमकी इथे बोचते. वासासाठी खिडकी उघडा, फरशी पुसा. पाहुणा खोलीतून बाहेर पडताच उदबत्ती लावायची नाही, त्याला कळतं.

देवघराची गोष्टही बोलायला हवी. भाद्रपदात महालक्ष्म्यांना आलेली मावशी जेवणाच्या पंगतीला बसते, पण आरतीला आत येत नाही. तिच्या मनात सोवळ्याचा काटा असतो. अशा वेळी घरातल्या सर्वांत वयस्क बाईनं म्हणायचं, "ये गं, बस माझ्याजवळ." धाकट्या सुनेनं म्हणून भागत नाही. जागा दाराजवळची द्या, म्हणजे मधूनच उठता येईल. पंगतीतही कडेची खुर्ची. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या आजीला निघण्याआधी पॅड बदलून, पिशवीत दोन जास्तीची आणि एक ओढणी देऊन पाठवा. गर्दीत तात्पुरत्या संडासाच्या रांगेत तासभर उभं राहणं तिला झेपणार नाही, म्हणून शक्य असेल तर पहाटे न्या. शहरात फिरवायचं असेल तर मेट्रो सोयीची, स्टेशनवर स्वच्छतागृह असतं. आणि निघताना एकट्या तिला विचारू नका, "चला, सगळेच जाऊन येऊ आणि निघू" म्हणा.

शेजारणीला सांगायचं नाही. मुलांनी विचारलं तर "आजोबांची पिशवी ऐकत नाही, डॉक्टर बघताहेत," एवढं खरं आणि पुरेसं आहे.

डॉक्टरांचा विषय मात्र एकदा काढा, एकांतात, आणि एकदाच. गुडघे दाखवायला आलेली बाई पंधरा वर्षांपासून खोकताना होतं हे सांगतच नाही, कारण तिला ते बायकांच्या नशिबाचंच वाटतं. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडले. ते आजही पहिला उपचार म्हणून सांगतात, आणि फिजिओथेरपिस्ट ते नीट शिकवतात. घाईवर गोळ्या आहेत, प्रोस्टेटवर औषधं आणि ऑपरेशन आहे, अंग बाहेर येत असेल तर त्यावरही इलाज आहे. नागपुरात आलेच आहेत तर स्त्रीरोगतज्ज्ञाला किंवा मूत्रविकाराच्या डॉक्टरला एक चिठ्ठी जास्त काढायला काय हरकत आहे? नको म्हणाले तर विषय संपला.

काही गोष्टींत मात्र लाज-संकोच बघायचा नाही. ताप आणि थंडी, लघवीत रक्त, लघवी अडून ओटीपोट फुगणं, म्हाताऱ्या माणसानं अचानक असंबद्ध बोलायला लागणं: त्याच दिवशी डॉक्टर. पाठदुखीसोबत पायांतली ताकद जाऊन, बसायच्या जागी बधिरपणा येऊन लघवी-शौचाचा ताबा एकाएकी सुटला, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करून रात्रीच न्यायचं.

परतीच्या दिवशी बस सुटण्याआधी अर्धा तास घरीच संडासला जाऊ द्या. गणेशपेठच्या स्टँडवरची धावपळ नको. सीट पुढची, दारालगतची बघा. कंडक्टरला हळूच सांगून ठेवलं तर तो थांबवतो, बहुतेक जण थांबवतात. जास्तीचे कपडे, दोन पॅड, काळी पिशवी, ओला रुमाल आणि पाण्याची बाटली हातातल्या थैलीत असू द्या, टपावरच्या किंवा डिकीतल्या बॅगेत नाही. आणि उरलेले पॅड बॅगेत भरून देऊ नका. तिथेच संडासातल्या फळीवर राहू द्या, आणि सांगा की पुढच्या तारखेला येताना ओझं आणू नका, तुमचं सामान इथेच आहे.